दुसरी प्रत

सत्कार्यवाद म्हणजे काय हे मला अक्कानं समजावलं आणि जनुक दुप्पट होणं म्हणजे काय हे मी अक्काला. दोन्ही वाटा एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतात. जगात जे नवं दिसतं ते खरोखरच नवं असतं, की आधीपासून असतं आणि फक्त उघडं होतं? सांख्यांचं म्हणणं असं की कार्य कारणात असतंच. तिळात तेल आहे म्हणून घाण्यातून तेल येतं. वाळू घातली तर येत नाही. कशातूनही काहीही होत नाही, ज्यात जी शक्ती आहे तीच त्यातून प्रकटते. नैयायिकांना हे मान्य नाही. घडा होण्याआधी घडा नव्हता, त्याचा अभाव होता. घडा झाला तेव्हा तो अभाव संपला. मातीत घडा होताच म्हणायचं तर कुंभारानं केलं काय?

हा वाद शतकानुशतकं तीळ, माती, सूत, दूध यांच्या दाखल्यांवर चालला. माझं आयुष्य प्राणिशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे माझ्याकडचे दाखले वेगळे आहेत: केळ्यावरची चिलटं, गटारातले डास, कोबीवरचा मावा. त्यांच्या पेशींत जे घडलंय ते या प्रश्नाला थेट लागू पडतं असं मला वाटतं. आणि त्यातून एक गोष्ट पुढं येते, जी दोन्ही पक्षांच्या हिशेबात नाही.

आधी आम्हा दोघींबद्दल सांगायला हवं, कारण हा विचार आमच्या घरात वाढला. अक्का माझ्याहून बरीच मोठी. वडील लवकर गेले, आई संधिवातानं अंथरुणाला खिळली. घरचं सगळं, आईचं उठवणं-बसवणं, कुळधर्म, थोडी हळदीची जमीन, हे अक्कानं हातात घेतलं आणि मला पुण्याला शिकायला पाठवलं. ती वाईतच राहिली. आमच्या आळीत एक वृद्ध शास्त्री राहत, प्राज्ञपाठशाळेच्या परंपरेत शिकलेले. दुपारी आईचा डोळा लागला की अक्का त्यांच्याकडे जायची. आधी तर्कसंग्रह झाला, मग सांख्यकारिका, मग आणखी पुष्कळ. मी सुटीला घरी आले की ती पोळ्या लाटता लाटता मला प्रागभाव, म्हणजे वस्तू होण्याआधीचा तिचा अभाव, समजावून सांगायची. नोकरी संपल्यावर मी वाईला परत आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं हेच चालतं.

कॉलेजात मी ड्रॉसोफिला, म्हणजे केळ्यावरची तीच चिलटं, पाळायची. रवा, गूळ आणि अगर शिजवून बाटल्यांत ओतायचं, बुरशी धरू नये म्हणून थेंबभर प्रोपिऑनिक ॲसिड घालायचं, कापसाचं बूच लावायचं. शुद्ध वाण मैसूरच्या मानसगंगोत्रीतल्या स्टॉक सेंटरमधून आणायचे. त्यात एक वाण ‘बार’ नावाचा. साध्या चिलटाचा डोळा वाटोळा, विटकरी लाल. बार वाणात त्याच्या जागी उभी चिंचोळी फट. मुलींना सूक्ष्मदर्शकाखाली तो डोळा दाखवताना मी सांगायची की इथं काही हरवलेलं नाही, इथं काही जास्त आहे. १९३६ साली कॅल्विन ब्रिजेस यांनी अळीच्या लाळग्रंथीतल्या जाड गुणसूत्रांवरचे पट्टे निरखून दाखवलं की १६ए हा भाग बार वाणात एकापाठोपाठ एक दोनदा आला आहे. जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलताना किंचित घसरली, तर एकाला एक भाग दोनदा मिळतो आणि दुसऱ्याला मिळतच नाही. जनुकं दुप्पट होण्याचा हा एक रस्ता. असे आणखीही आहेत.

ही पुनरुक्ती फुकट नाही, हे आधी ज्यांनी ओळखलं त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पण या कल्पनेवर सगळं घर उभं केलं ते सुसुमु ओनो यांनी. जन्म सोलचा, कुटुंब जपानी, काम कॅलिफोर्नियात. १९७० साली त्यांचं छोटंसं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं मी अक्काला असं सांगितलं: आपण समजतो की नैसर्गिक निवड नवं घडवते. ओनो म्हणतात, ती मुख्यतः राखण करते. ज्या जनुकावर जीव अवलंबून आहे त्यात बिघाड करणारा प्रत्येक बदल ती खुडून टाकते, कारण तो बदल घेऊन आलेला प्राणी जगतच नाही. म्हणून महत्त्वाचं जनुक जागचं हलू शकत नाही. त्याची दुसरी प्रत झाली की मात्र पहिली काम सांभाळते आणि दुसरीवरचा पहारा सुटतो. एरवी ज्या बदलांना मज्जाव असता ते तिच्यात साठू शकतात. बहुतेक वेळा ती मोडते. कधीतरी काहीतरी वेगळंच करायला लागते.

अक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते वेगळं काम त्या जनुकात आधी होतं की नव्हतं?”

इथून आमचं सुरू झालं.

मी तिच्यासमोर पहिला दाखला ठेवला तो जिंगवेईचा. ड्रॉसोफिलाची अळी आंबणाऱ्या फळात वाढते. त्यातलं अल्कोहोल पचवायला तिच्याकडे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम आहे. त्याच्या जनुकाला एडीएच म्हणतात. आफ्रिकेतल्या याकुबा आणि टेसिएरी या दोन जातींत या जनुकाची एक प्रत भलत्याच ठिकाणी सापडली. जनुकावरून पेशीनं केलेली कामचलाऊ नक्कल उलटी डीएनएत उतरली आणि दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात जाऊन बसली होती. अशा प्रती सहसा मृत असतात, त्यांना चालू करणारा भाग त्यांच्यासोबत येत नाही. हीसुद्धा मृतच असावी असा समज होता. १९९३ साली मानयुआन लाँग आणि चार्ल्स लँगली यांनी दाखवलं की ती जिवंत आहे. यजमान जनुकाचा पुढचा तुकडा आणि एडीएचचा उरलेला भाग जोडून एक नवं प्रथिन बनत होतं. त्यांनी तिला जिंगवेई हे नाव दिलं. चिनी पुराणकथेत समुद्रात बुडून मेलेली राजकन्या पक्षी होऊन पुन्हा जन्मते, तिचं हे नाव. पुढं कळलं की हे नवं एन्झाइम लांब साखळीच्या अल्कोहोलांवर चांगलं काम करतं, ज्या प्रकारची अल्कोहोलं कीटकांच्या संप्रेरकांच्या आणि गंधद्रव्यांच्या घडामोडींत असतात. वय सुमारे पंचवीस लाख वर्षं. उत्क्रांतीच्या मानानं हे बाळच आहे.

“आता सांग,” मी अक्काला म्हटलं, “हे ना एडीएचमध्ये होतं, ना त्या दुसऱ्या जनुकात. दोघांचा जोड लागला तेव्हा झालं. घड्याचा प्रागभाव संपला.”

अक्का इतक्या सहजी हलत नाही. तिनं विचारलं, “जुनं एडीएच लांब साखळीच्या अल्कोहोलांना अजिबात शिवत नव्हतं का?”

शिवत होतं. एन्झाइमं आपण पाठ्यपुस्तकात लिहितो तितकी एकनिष्ठ नसतात. एका मुख्य पदार्थावर त्यांचा हात चालतो, आणि मिळत्याजुळत्या इतर पदार्थांवर थोडाथोडा. हे थोडं काम जीवाच्या एरवी उपयोगाचं नसतं म्हणून दिसत नाही. परिस्थिती बदलली आणि त्या थोडक्या कामाला किंमत आली, तर त्या जनुकाच्या जास्त प्रती असलेला जीव तरतो, आणि मग प्रतींमधली एखादी त्या कामात तरबेज होत जाते. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे २०१२ साली सॅल्मोनेला जिवाणूंत प्रयोगशाळेत घडवून दाखवलं: दोन कामं जेमतेम करणारं एक जनुक, त्याच्या प्रती, आणि तीन हजारांहून कमी पिढ्यांत त्यातल्या काही एका कामात तर काही दुसऱ्या कामात निष्णात. मी हे सांगितल्यावर अक्का समाधानानं म्हणाली, “म्हणजे तेल तिळातच होतं.”

तिच्या बाजूनं याहूनही भक्कम पुरावा आहे आणि तो मीच तिला दिला. पण त्यासाठी मोंपेलिएच्या डासांची गोष्ट नीट सांगावी लागेल.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोंपेलिएच्या आसपास, भूमध्य समुद्राकाठी उथळ खाऱ्या पाण्याची तळी आहेत आणि डासांचा उपद्रव मोठा. तिथं १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून किनाऱ्यालगतच्या सुमारे वीस किलोमीटरच्या पट्ट्यात ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं वापरली गेली. त्या पट्ट्यापलीकडे नाही. डास क्युलेक्स जातीचा, आपल्याकडे गटारात वाढून रात्री कानाशी गुणगुणणारा आणि हत्तीपाय पसरवणारा जो असतो त्याचा सख्खा नातेवाईक. हे विष काय करतं? एका मज्जातंतूकडून पुढं निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनातून. निरोप पोचला की ते लगेच साफ व्हावं लागतं, नाहीतर तोच निरोप वाजत राहतो. साफसफाईचं काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेझ हे एन्झाइम करतं. औषध त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन अडकतं, सफाई थांबते, डास झटके देऊन मरतो.

किनाऱ्यावर जे डास वाचू लागले त्यांतल्या काहींच्या या एन्झाइममध्ये ११९व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन होतं. डीएनएतलं एक अक्षर बदललं की एवढं होतं. हे २००३ साली मिलेन वाइल आणि सहकाऱ्यांनी उलगडलं. सेरीन थोडं मोठं असल्यानं खाच अरुंद होते आणि विष आत बसू शकत नाही. पण अ‍ॅसिटिलकोलिनही नीट बसत नाही. एन्झाइमचं मूळ काम साठ टक्क्यांहून जास्त घटतं. असा डास फवारलेल्या पट्ट्यात जगतो, पण जिथं फवारणी नाही तिथं साध्या डासापुढं टिकत नाही, आणि थंडीत तर फारच मार खातो. किनाऱ्यापासून आत जावं तसे असे डास कमी होत गेलेले त्या संशोधकांनी मोजले आहेत.

ही कोंडी मला कुठल्याही महाकाव्यातल्या धर्मसंकटाइतकी खरी वाटते. एकाच एन्झाइमनं निरोपाला दार उघडं ठेवायचं आणि विषाला बंद करायचं. आणि दार एकच. एका कर्तव्याला जितकं जवळ जावं तितकं दुसऱ्यापासून दूर. आईकडून एक प्रकारचं जनुक आणि बापाकडून दुसऱ्या प्रकारचं मिळालं तर डासाचं बरं चालतं, पण ती जोडी पुढच्या पिढीत फुटते, काही पिल्लांना दोन्ही जुनीच मिळतात, काहींना दोन्ही नवीच. मग १९९०च्या दशकात तिथल्याच डासांत असं गुणसूत्र आढळलं ज्याच्यावर जुनं आणि नवं जनुक शेजारी शेजारी होतं. तोमा लनोर्मां, मिशेल रेमों आणि सहकाऱ्यांनी ते १९९८ साली मांडलं. एक प्रत निरोप साफ करते, दुसरी विषातही तग धरते, आणि दोघी एकाच धाग्यावर असल्यामुळे पिल्लांकडे एकत्रच जातात. नंतर पश्चिम आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासांतही असंच सापडलं. स्वतंत्रपणे झालेली ही गोष्ट आहे, म्हणजे कोंडी खरी होती आणि सुटकेची वाटही.

आता अक्काला दिलेला पुरावा. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, त्याच्याकडेही हे एन्झाइम आहे आणि ११९व्या जागी तिथंही ग्लायसिनच आहे. पण ग्लायसिन लिहिण्याच्या चार पद्धती आहेत. क्युलेक्समध्ये ते जीजीसी असं लिहिलेलं आहे. पहिलं अक्षर बदललं की एजीसी होतं, म्हणजे सेरीन. एडिसमध्ये ते जीजीए असं लिहिलेलं आहे. अर्थ तोच, प्रथिन तसंच, डासाच्या जगण्यात काडीचा फरक नाही. पण जीजीएतलं कुठलंही एक अक्षर बदललं तरी सेरीन मिळत नाही. त्याला दोन अक्षरं बदलावी लागतात. कुणाला न दिसणाऱ्या, काही न करणाऱ्या एका अक्षरावर ठरलं होतं की एका पावलात कुठं पोचता येईल आणि कुठं नाही. हे कळल्यावर अक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “क्युलेक्स तीळ, एडिस वाळू.”

तरी मी पूर्ण तिच्या बाजूला गेलेले नाही. एका अक्षरावर सेरीन येऊ शकत होतं, पण ते आलं नव्हतं. अशी कोट्यवधी अक्षरं बदलू शकत होती आणि बदलली नाहीत. येऊ शकणं आणि असणं यांत अंतर आहे, आणि जीव मरतो किंवा जगतो तो त्या अंतरातच. रेमों आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली क्युलेक्समधल्या दुसऱ्या एका एन्झाइमचा, एस्टरेझचा, अभ्यास छापला. त्याच्या वाढलेल्या प्रतींचा एक विशिष्ट संच आफ्रिका, आशिया आणि अमेरिकेत त्यांना इतका सारखा दिसला की तो एकदाच कुठंतरी जन्मला आणि डासांबरोबर जगभर गेला असंच मानावं लागलं. ज्याचा जन्म एकदा, एका ठिकाणी, एका डासात झाला, त्याला ‘आधीपासून होतंच’ असं म्हणणं मला जड जातं.

माझा निर्णय असा: कच्चा माल काय देऊ शकेल याबद्दल सांख्य बरोबर आहेत, आणि घडणं ही खरी घटना आहे याबद्दल नैयायिक. पण दोघांच्याही दाखल्यांत एकच तीळ, एकच मातीचा गोळा आहे. घडा करायला मातीचा गोळा संपवावा लागतो, तेल काढायला तीळ भरडावे लागतात. जिवंत गोष्टीला हे परवडत नाही. डासाच्या मज्जातंतूचा निरोप एक दिवसही पडून राहू शकत नाही. ज्या जिवात सगळंच कामाला जुंपलेलं आहे, एकही वस्तू दोनदा नाही, तिथं नव्याला जागा नाही. जिंगवेई पंचवीस लाख वर्षं वेगळी होत गेली, त्या सगळ्या काळात तिच्याच पेशीत जुनं एडीएच रोजचं अल्कोहोल पचवत होतं. कार्य आणि कारण यांच्यामध्ये कारणाचाच एक जोडीदार उभा असतो आणि जुनं काम वाहत असतो. त्याचं नाव मला कुठल्याच दर्शनाच्या कारणांच्या यादीत सापडलं नाही.

हे अक्काला सांगताना माझा आवाज भरून आला, कारण मी आमच्याबद्दलच बोलत होते हे दोघींना कळत होतं. मी तिला तसं सरळ सांगितलंही. आई, घर, जमीन, श्रावणातली पूजा तिनं सांभाळली म्हणून मला बाटल्यांतल्या चिलटांपाशी आयुष्य काढता आलं. ती जागची हलली नाही म्हणून मी बदलू शकले.

अक्काला ते आवडलं नाही. तिनं हातातली वात परातीत ठेवली. “बेबी,” ती म्हणाली, “गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात त्या दोघींत मूळ कोण आणि प्रत कोण हे कळतं का?”

कळत नाही. जिंगवेईसारखी नक्कल दूर जाऊन पडली तर ओळखता येतं, पण घसरणीनं शेजारी झालेल्या दोन प्रती जन्मतः अगदी सारख्या असतात. जुनं काम कोण करणार हे ठरलेलं नसतं. पुष्कळदा तर दोघीही बदलतात: जुन्या कामाचे दोन भाग होतात, एक भाग ही घेते, दुसरा ती, आणि मूळ जनुक जसं होतं तसं कुठंच उरत नाही. १९९९च्या सुमारास हा विचार संशोधकांनी नीट मांडला, ओनोंच्या चित्रात तो नव्हता. ड्रॉसोफिलात साखर जाळण्याच्या नेहमीच्या कामातल्या हेक्सोकायनेज एन्झाइमच्या कित्येक प्रती आहेत; त्यांतल्या काही फक्त नराच्या वृषणात चालतात, बाकीच्या इतर अवयवांत. यातली जागची न हललेली कुठली म्हणायची?

“तू गेलीस तेव्हा मला न्याय येत नव्हता,” अक्का म्हणाली. एवढंच. मी तिच्याकडे पाहत राहिले. दुपारच्या त्या तासांत ती काय होत गेली ते मी सुट्यांमधून तुकड्यातुकड्यानं पाहिलं होतं, आणि तरी तिच्यासाठी ‘राहिलेली’ हाच शब्द माझ्या मनात पक्का होता. आणखी एक गोष्ट इथं म्हणायलाच हवी. जनुकांत कोण काय सांभाळणार हे योगायोगानं ठरतं. आमच्या घरात ते ठरवलं गेलं, आणि ठरवताना तिला विचारलं नाही. तिनं ते मनापासून केलं याबद्दल मला शंका नाही. पण म्हणून न विचारणं योग्य ठरत नाही.

आता देवाबद्दल. मी देव मानते. विज्ञान शिकवताना मी तो बाजूला ठेवला नाही आणि मधे आणलाही नाही. उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करताना जो मुख्य आधार घेतला तो घड्याचाच: पृथ्वीसारख्या गोष्टी कार्य आहेत, आणि कार्याला जाणता कर्ता लागतो, जसा घड्याला कुंभार. माझ्या कीटकांनी मला या आधारावर टेकू दिलं नाही. कुंभाराला घडा आधी माहीत असतो. जनुकाची प्रत होते तेव्हा तिचं काय करायचं हे कुठंच ठरलेलं नसतं.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथं अ‍ॅलन डेव्हनशायर आणि रोमन सावित्स्की यांनी बटाट्यावर, कोबीवर, मिरचीवर येणारा हिरवा मावा तपासला. १९७९ साली त्यांनी छापलं की औषधाला न जुमानणाऱ्या वाणांत एका एस्टरेझचं प्रमाण दुप्पट, चौपट, आठपट असं चढत चौसष्टपटीपर्यंत जातं, जणू जनुक पुन्हा पुन्हा दुप्पट झालं असावं. पुढं जनुकांच्या अनेक प्रती खरोखरच दिसल्या. त्या माव्याच्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी शंभरातला एक भाग हे एकच एन्झाइम असू शकतं. ते विषाला धरून ठेवतं आणि मग सावकाश तोडतं. आणि या माव्याला त्याची किंमत मोजावी लागते: तो कडक हिवाळ्यात जास्त मरतो, आणि शेजारचा मावा शत्रूच्या तावडीत सापडून धोक्याचा गंध सोडतो तेव्हा पटकन हलत नाही. यात मला आधी योजून ठेवलेली घडण दिसत नाही. औषध आलं, ज्यांच्यात प्रती होत्या ते उरले.

अक्काला कुंभाराची गरजच नाही. मूळ सांख्य ईश्वर मानत नाही. तिचा दाखला गाईचा. दूध अचेतन आहे, तरी वासरासाठी पान्हा फुटतो. तशी प्रकृती अचेतन राहून पुरुषासाठी, म्हणजे नुसत्या पाहणाऱ्या चैतन्यासाठी, प्रवृत्त होते. मी म्हणते, पान्हा फुटतो तेव्हा वासरू समोर असतं. जनुकाची प्रत होते तेव्हा कोणी नसतं. वासरू कधीतरी येतं, बहुतेकदा येतच नाही. मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी २००० साली अनेक जीवांचे जनुकसंच पाहून अंदाज केला: एखादं जनुक दुप्पट व्हायला सरासरी दहा कोटी वर्षं, आणि झालेल्या प्रतींपैकी बहुतेक काही दशलक्ष वर्षांत मुक्या. जिंगवेई लाखांतली एक. मोंपेलिएच्या त्या जोडजनुकांतलीही काही अशी आहेत की ती आई आणि बाप दोघांकडून आली तर डासाला जगणं अवघड होतं. सुटकेच्या वाटेवरही पिल्लं मरतात.

मला खरोखर सलतं ते हे. नव्याची वाट इतक्या मोडलेल्या प्रतींवरून जाते, तर त्या मोडलेल्यांचं काय?

अक्काचं पहिलं उत्तर माव्यातूनच आलं. फवारणी थांबली की काही वाणांतला प्रतिकार पिढ्या उलटताना जातो. पण जनुकांच्या जादा प्रती तिथंच असतात. त्यांच्यावरची एक रासायनिक खूण पुसली जाते आणि त्या गप्प होतात. लिंडा फील्ड आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. सांख्यांच्या मते नाश म्हणजे कारणात परत लीन होणं, आणि त्याचं याहून नीट चित्र मला माहीत नाही. पण गप्प झालेली प्रत वेगळी आणि झिजलेली वेगळी. मुक्या जनुकात चुका साठत जातात, राखण नसते, आणि पुरेशा काळानं ते जनुक होतं हेही ओळखू येत नाही.

तिचं दुसरं उत्तर जास्त खोल आहे. प्रकृती जे करते ते पुरुषानं पाहावं म्हणून. पाहून झालं की ती निवृत्त होते. “तुम्ही लोकांनी त्या मेलेल्या प्रती वाचल्यात,” ती म्हणाली, “मग त्या वाया कशा?” मी तिला सांगितलं, ज्या पूर्ण मिटल्या त्या कुणी वाचल्या नाहीत, आणि वाचणार नाही. माणूस होण्याआधीच्या त्या. तिथं मला देव लागतो. घडवणारा म्हणून नाही, त्या मिटलेल्यांचा साक्षी म्हणून. अक्का म्हणाली, हा तर माझाच पुरुष, तू त्याला देव म्हणतेस. पण तिचा पुरुष उदासीन आहे, त्याला कशाचंच सुखदुःख नाही. माझ्या साक्षीला वाटावं असं मला वाटतं. यासाठी माझ्याकडे हेतू नाही, दृष्टान्त नाही. नैयायिकांपुढं हे एक क्षण टिकणार नाही, आणि तरी मी ते सोडू शकत नाही.

परवा अक्कानं योगसूत्रांवरचं व्यासभाष्य काढून ठेवलं. तिथं सांख्याच्याच घरात ईश्वर येतो, आणि भाष्यकार म्हणतात की त्याला स्वतःला मिळवायचं काही नाही, तरी जीवांवर अनुग्रह हे त्याचं प्रयोजन आहे. त्या अनुग्रहात डास येतो हे अक्का मान्य करते. डासाचं मुकं झालेलं जनुक येतं का, हे तिला पटलेलं नाही, कारण जनुकाला जीव म्हणायचं तर मग एन्झाइमला का नको, आणि शेवटी अ‍ॅसिटिलकोलिनच्या रेणूला का नको, असं ती विचारते. यावर मी अजून विचार करते आहे.